ऑटो टॉप-ऑफ आणि रिफ्रॅक्टोमीटर: क्लाउनफिशच्या टाकीत उन्हाळा-पावसाळा वापरल्यावर

शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, मागच्या बाजूला फिल्टरचे कप्पे, आत ऑसेलारिस जातीच्या क्लाउन माशांची जोडी, आणि हवा मुंबईची. पाणी २७ अंशांच्या आसपास ठेवायला पंखा लावला की दिवसाला दीड लिटर सहज उडतं. मीठ मात्र आतच राहतं. सहा लिटर भर घालायची राहून गेली, तर ३५ पीपीटीची (हजार भागांत ३५ भाग मीठ) सॅलिनिटी, म्हणजे पाण्याचा खारटपणा, ३७ च्या पुढे जाते. मग कोणीतरी सहा लिटर गोडं पाणी एकदम ओततं. क्लाउनला ३३ किंवा ३५ दोन्ही चालतं, पण असे हेलकावे सोसत नाहीत.

ऑटो टॉप-ऑफ, म्हणजे पातळी उतरली की कॅनमधून आपोआप गोडं पाणी सोडणारं उपकरण, हे काम चोख करतं, पण बसवताना डोकं वापरलं तरच. त्याचा पातळी ओळखणारा सेन्सर टाकीत पाणी परत ढकलणाऱ्या पंपाच्या कप्प्यात बसतो. आधीच्या कप्प्यातला फिल्टरचा कापूस तुंबला की पंपाच्या कप्प्यातली पातळी खाली येते. सेन्सरला वाटतं पाणी उडालं, आणि तो गोडं पाणी सोडत राहतो. त्यामुळे कापूस दर तीन-चार दिवसांनी बदलावाच. आरओ-डीआय पाण्याचा (गाळून क्षार काढलेल्या गोड्या पाण्याचा) कॅन दहा लिटरचाच ठेवावा. सेन्सर अडकून सगळा रिकामा झाला तरी सॅलिनिटी ३२ च्या जरा खाली येऊन थांबते. पन्नास लिटरचा ड्रम सोयीचा वाटतो, पण तो जोडीच्या जिवावर उठू शकतो. कॅन टाकीपेक्षा खाली, आणि नळीचं तोंड पाण्याच्या वर. कॅन उंचावर ठेवला तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येतच राहतं. सेन्सरच्या भिंगावर गोगलगाय बसते, शेवाळ धरतं, आठवड्याला पुसावं.

पावसाळ्यात हवा दमट, बाष्पीभवन कमी. टॉप-ऑफ जवळजवळ रिकामा बसून असतो, आणि पंख्यानेही पाणी फारसं गार होत नाही.

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे काचेवर पाण्याचा थेंब टाकून सॅलिनिटी मोजायचं उपकरण. त्याबद्दल तक्रार एकच: सोबतच्या कागदावर 'शुद्ध पाण्याने शून्यावर लावा' एवढंच असतं. स्वस्त उपकरणांची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते. शून्यावर लावलेलं असं उपकरण खऱ्या ३५ ला साधारण ३६.५ दाखवतं. घरी संदर्भ-द्रावण करता येतं: ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड पाण्यात ३६.५ ग्रॅम कोरडं, आयोडीन नसलेलं शुद्ध मीठ. त्याचा थेंब टाकायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि स्क्रू फिरवून ३५ वर आणायचं. वापरून झाल्यावर काच गोड्या पाण्याने धुवावी, नाहीतर वाळलेलं मीठ पुढचं रीडिंग बिघडवतं.

या दोन्हींनी रोग टळत नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. नव्या क्लाउनच्या अंगावर पांढरट चिकट थर, जोराचा श्वास, खाणं बंद अशी लक्षणं दिसली तर ब्रुकलिनेला या परजीवीचा संशय घ्यावा. त्यावर तांब्याचं औषध चालत नाही, वेगळ्या भांड्यात फॉर्मेलिनचा बाथ द्यावा लागतो, तोही हवेचे बुडबुडे सोडणारा एअर स्टोन जोरात लावून. समुद्रातून पकडलेल्या माशांत हा जास्त दिसतो, म्हणून हॅचरीत वाढवलेली जोडीच घ्यावी, आणि तीही चार आठवडे क्वारंटाइनमध्ये (वेगळ्या टाकीत) ठेवावी.

पैसे एकाच वस्तूला पुरत असतील तर आधी रिफ्रॅक्टोमीटर. भर घालायचं काम काचेवर मार्करने रेघ मारून सकाळ-संध्याकाळ मगानेही होतं.