जेट स्कीच्या गळतीला फायबर दुकानातलं किट: कुठे चालतं, कुठे फसतं

खिंडसी तलाव असो की गोसेखुर्द धरणाचं बॅकवॉटर, जेट स्कीच्या बॉडीत पाणी शिरलं की आपल्याकडे पहिली धाव फायबरच्या दुकानाकडे असते. कूलरच्या फायबर बॉड्या बनवणाऱ्यांना माल देणारी ही दुकानं. तिथे एक पिशवी हातात मिळते: किलोभर पॉलिस्टर रेझिन, हार्डनरची छोटी बाटली आणि काचेच्या तंतूंची मीटरभर मॅट. माल चांगला असतो आणि पॅडल बोटीला, टाकीला, कूलरच्या ट्रेला तो उत्तम बसतो. जेट स्कीला मात्र तो बहुतेकदा चुकीचा ठरतो. पॅडल बोटीसाठी या किटला पाचपैकी चार द्यावेत, जेट स्कीसाठी दीडच्या वर देता येत नाहीत.

आधी एक गोष्ट पक्की करा. सीटखाली पाणी दिसलं म्हणजे बॉडी चिरली असं नाही. मागचे ड्रेन प्लग आधी काढून बघा. त्यांच्या रबरी ओ-रिंगवर वाळूचा एक कण बसला तरी दिवसभरात बादलीभर पाणी आत येतं. रिंग पुसा, बोटाने फिरवून चीर आहे का बघा, सिलिकॉन ग्रीसचा हलका हात द्या. रिंग चपटी झाली असेल तर बदलाच, तिच्यावर ग्रीस थापून उपयोग नाही.

मग बघायचं की पाणी उभ्या गाडीत येतं की चालत्या गाडीत. आतून कोरडी पुसलेली गाडी इंजिन बंद ठेवून अर्धा तास पाण्यात बांधून ठेवा. पाणी आलं तर दोष प्लग, फिटिंग, शाफ्टचं (इंजिन आणि पंप जोडणाऱ्या दांड्याचं) सील किंवा बॉडी यांपैकी कशात तरी आहे. उभ्याने कोरडी राहते आणि फेरी मारून आली की ओली, तर संशय शाफ्टच्या सीलवर, कूलिंगच्या नळ्यांवर आणि एक्झॉस्टच्या क्लॅम्पवर.

शाफ्टचं सील गळत असेल तर इंजिनच्या कप्प्यात ओळखू येणारी खूण पडते. फिरता शाफ्ट पाणी गोल भिरकावतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि वरच्या झाकणावर एकाच रेषेत शिंतोडे उमटतात. कार्बन रिंगचं सील असलेल्या गाड्यांत त्या जागी बारीक काळी भुकटीही सापडते. रबरी बेलो, म्हणजे शाफ्टवरची घड्यांची नळी, दोन्ही हातांनी मागे दाबून बघा. त्याने ताठपणे परत ढकललं पाहिजे. ढिला लागला तर कार्बन आणि स्टीलची रिंग एकमेकांवर नीट दाबून बसत नाहीत आणि तिथून पाणी शिरतं. हे सील पाण्यानेच थंड राहतं, म्हणून ट्रेलरवर गाडी कोरडी फिरवत ठेवू नका. नळी लावून तपासायचं तर आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. क्रम उलटला तर पाणी एक्झॉस्टमधून इंजिनात जातं आणि गळतीपेक्षा मोठं काम निघतं.

आपल्या पाण्यात जलपर्णी फार. साठलेलं पाणी बाहेर ओढणाऱ्या बारीक नळ्यांचं तोंड तिच्या मुळांनी बुजतं आणि रोजचं थोडं पाणीही साचत जातं. तिथे नवी गळती नसतेच. नळी काढून फुंकर मारली की कळतं.

एवढं करूनही जागा सापडली नाही तर पाणी भरून बघण्याची परीक्षा. बॅटरी काढा, गाडी ट्रेलरवर किंचित मागे कललेली ठेवा, प्लग घट्ट लावा आणि आत दोन ते तीन बादल्या, म्हणजे साधारण 40 ते 50 लिटर पाणी ओता. त्यात कपड्याची नीळ चार थेंब टाका. पाणी स्टार्टर मोटरच्या खालीच राहिलं पाहिजे. आता बाहेरून तळ कोरडा पुसा, कागदी रुमाल हातात घ्या आणि ट्रेलरखाली आडवं होऊन तळाची मधली रेघ, पंपाचा जोड, जाळीचे बोल्ट, प्लगच्या बाजू एकेक करून दाबत जा. निळा डाग जिथे उमटेल ती जागा खडूने गोल करा. घाई करू नका, बारीक चिरेतून पहिला थेंब यायला वीस मिनिटंही लागतात. वरच्या-खालच्या अर्ध्या भागांचा जोड, म्हणजे कडेच्या रबरी पट्टीखालची शिवण, या परीक्षेत सापडत नाही. तिथे बाहेरून नळीने पाणी मारून आतून टॉर्चने बघावं लागतं. हवा भरून साबणाचा फेस लावायची पद्धतही आहे, पण त्यासाठी गाडी धुण्याच्या सेंटरवरचा कॉम्प्रेसर लावू नका. दाब जास्त झाला की चांगली शिवणही उकलते.

तळाला चीर निघाली तर ती बहुतेकदा मधल्या रेघेवर असते. कारण उघड आहे: मुरमाच्या काठावर गाडी ओढून घेणं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर आलेले दगड आणि खुंट.

आता किटकडे. बऱ्याच जेट स्कीच्या बॉड्या हाताने थर देऊन केलेल्या नसतात. रेझिनमध्ये भिजवलेल्या फायबरच्या तयार शीट गरम साच्यात प्रचंड दाबाने दाबून त्या बनवतात. या प्रकाराला एसएमसी (शीट मोल्डिंग कंपाउंड) म्हणतात. साच्यातून सुटावं म्हणून त्या मालातच सोडवणारं द्रव्य मिसळलेलं असतं. त्यावर पॉलिस्टर रेझिन वाळतं, कडक होतं, बोटाने वाजवलं तर टणक लागतं, आणि महिन्याभरात लाटांचे दणके बसले की ठिगळ पापडासारखं सुटतं. दोष कारागिराचा नसतो, ती पकडच कमी असते. इथे इपॉक्सी रेझिनच हवं. शिवाय किटमधली मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. तिचे तंतू धरून ठेवणारा गोंद पॉलिस्टरमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. मॅट ताठ राहते आणि आत हवेचे पांढरे डाग उरतात. विणलेलं ग्लास कापड मागा, चौरस मीटरला 400 ग्रॅमचं. त्याचा एक थर साधारण अर्धा मिलिमीटर होतो.

किट पॅडल बोटीला वापरणार असाल तर हार्डनर 100 ग्रॅम रेझिनला 1 ते 2 मिली, औषधाच्या दुकानातल्या सिरिंजने मोजून. मे महिन्यात 1 मिली पुरे. त्याहून कमी केलं तर ते कायम चिकट राहतं. कोबाल्टची (रेझिन लवकर वाळवणाऱ्या द्रव्याची) बाटली वेगळी दिली असेल तर कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मगच हार्डनर टाका. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट मिसळले तर पेट घेतात, स्फोटही होतो. दुकानदाराने हे सांगायला हवं, पण बऱ्याचदा तो नुसती पिशवी बांधून देतो. किटचे गुण जातात ते इथेही.

इपॉक्सीचं काम असं. गाडी पूर्ण वाळू द्या. बॉडीतल्या फोमने पाणी धरलं असेल तर उन्हाळ्यातही चार-सहा दिवस लागतात, पावसाळ्यात हे काम काढूच नये. टाकीतल्या पेट्रोलची वाफ आत साचते, म्हणून ग्राइंडर लावण्याआधी सीट काढून कप्पा मोकळा ठेवा. चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिलिमीटरचं भोक पाडा, नाही तर चीर ठिगळाखालून पुढे सरकते. मग 60 नंबरच्या पॉलिश पेपरने उतार घासा. जाडीच्या बारापट लांब उतार हवा. बॉडी 3 मिलिमीटर असेल तर चिरेच्या दोन्ही बाजूंना 36 मिलिमीटर. लोक एवढं चांगलं फायबर घासायला कचरतात, पण पकड याच उतारावर बसते. चकाकी कुठेही राहू देऊ नका. शेवटी पांढऱ्या फडक्याने अ‍ॅसिटोन. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल असतं.

एलवाय 556 रेझिन आणि एचवाय 951 हार्डनर ही जोडी मिळते. प्रमाण वजनाने 100 ला 10. इथे हार्डनर वाढवून काम लवकर होत नाही, बिघडतं. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या. दहा सेंटिमीटरच्या चिरेला 50 ग्रॅम रेझिन आणि 5 ग्रॅम हार्डनर पुरतं, कापडाचे सहा तुकडे. पेल्यात कालवलं की लगेच पसरट ताटलीत ओता. पेल्यातच राहिलं तर आपल्या उन्हाळ्यात ते स्वतःच्या उष्णतेने तापून धूर काढतं. पहाटे सहाला सुरू करून आठच्या आत आवरा. हातमोजे आणि मास्क लागतीलच. आधी सगळ्यात मोठा तुकडा, मग लहान लहान. प्रत्येक थर ब्रशच्या टोकाने टोचत, तो काचेसारखा पारदर्शक दिसेपर्यंत. वाळल्यावर वर मेणचट थर येतो. तो रंग धरत नाही, साध्या पाण्याने आणि घासणीने धुवा.

एम-सील पिशवीत ठेवावं, पण फक्त गाडी काठापर्यंत आणण्यासाठी. ते ताठ असतं, बॉडी लवली की कडेने सुटतं. बाथरूमचं सिलिकॉन कुठेच नको. ते काढलं तरी तेलकट अंश उरतो आणि त्यावर पुढे काहीही चिकटत नाही. फिटिंगच्या भोवती आणि कडेच्या शिवणीला पीयू सीलंट, ट्रक-बसच्या काचा बसवतात ते. ते हवेतल्या ओलाव्याने वाळतं, म्हणून मेच्या कोरड्या हवेत एक दिवस जास्त द्या.

सी-डू स्पार्क या जेट स्कीची बॉडी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची असते. तिला इपॉक्सीही धरत नाही. पाण्याच्या टाक्या वेल्डिंग करणाऱ्याकडे नेऊ नका, त्याची कांडी पॉलिथिलीनची असते आणि ती यात मिसळत नाही. गाड्यांचे बंपर जोडणाऱ्याकडे पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनची, कांडी असते, तो माणूस शोधा.

ठिगळ बसल्यावर 24 तासांनी नीळ घातलेलं पाणी पुन्हा भरून बघा, गाडी पाण्यात मात्र आठवड्याने. पहिली फेरी पंधरा मिनिटांची, मग सीट उचलून कोरडा स्पंज तळाशी फिरवा. पिळल्यावर चमचाभर पाणी निघालं तर प्लगच्या रिंगा पुन्हा बघा. वाटीभर निघालं तर त्या दिवशी दुसरी फेरी नको.