युनिफॉर्मच्या मार्करसाठी नेस्टिंग: बॉटम-लेफ्ट, जेनेटिक की स्पॅरो?

सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्या कुणासाठी मार्करचं, म्हणजे कापडावर कापायचे पीस कसे मांडायचे त्या आराखड्याचं, सॉफ्टवेअर लिहायला घेतलं असेल तर एकदम अचूक उत्तराचा नाद आधीच सोडा, पीस कमीत कमी कापडात बसवायचा हा प्रॉब्लेम (नेस्टिंग) एनपी-हार्ड आहे, म्हणजे पीस वाढले की सगळ्या रचना तपासणं शक्यच नाही.

बॉटम-लेफ्ट सगळ्यात सोपं. मोठा पीस आधी घ्यायचा, जाईल तितका खाली नि डावीकडे सरकवायचा, मग पुढचा. उत्तर लगेच मिळतं, पण एकदा ठेवलेला पीस परत हलत नाही, त्यामुळे पिसांचा क्रम बदलला की मार्करची लांबीही बदलते.

तो क्रमच सुधारत राहायचा म्हणजे जेनेटिक अल्गोरिदम. एसव्हीजीनेस्ट आणि डीपनेस्ट हेच करतात, दोन्ही फुकट, ओपन सोर्स. टक्कर होते का ते नो-फिट पॉलिगॉनने बघतात, म्हणजे एक पीस दुसऱ्याला चिकटवून कडेकडेने सरकवला की त्याच्या एका बिंदूची जी वाट होते ती, बिंदू तिच्या आत गेला की ओव्हरलॅप. कॉन्व्हेक्स, म्हणजे कुठंच आत न वळलेल्या आकारांना हे सोपं जातं, पण शर्टाचा मुंढा आत वळलेला असतो, त्या खोलगट जागेत दुसऱ्या पिसाचं टोक शिरलं तरच कापड वाचतं आणि हा हिशोब लिहिताना नेमकं तिथंच डोकं धरायची वेळ येते. एसव्हीजीनेस्टमध्ये रोटेशन, म्हणजे पीस किती दिशांनी फिरवून बघायचा तो आकडा, मुळात ४ असतं, ते २ करा, नाहीतर पीस आडवे बसतील आणि उभ्या धाग्याची दिशा चुकेल.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते. पीस एकमेकांवर चढू द्यायचे, मग ओव्हरलॅप कमी करत करत सुटे करायचे, जमलं की कापडाची पट्टी अजून आखूड करून पुन्हा तेच. २०२५ मध्ये आलेलं स्पॅरो असंच चालतं, रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलंय, तेही ओपन सोर्स. इथं कुठलाच पीस जागेवर अडकून राहत नाही, म्हणून मार्कर घट्ट बसतो, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो.

आता निवड. समजा ६ मीटरचा मार्कर आहे आणि कापडाचे १०० थर लावलेत, तर १ टक्का वाचला की थेट ६ मीटर कापड वाचलं, त्यामुळे शाळांच्या मोठ्या ऑर्डरीला स्पॅरोच घ्या, रात्रभर चालू दे. दोन-चार थरांची किरकोळ ऑर्डर असेल तर बॉटम-लेफ्ट पुरे. जेनेटिक मी फक्त तयार टूल लगेच वापरून बघायचं असेल तरच सुचवेन.

चेक्सचं कापड असेल तर मात्र यातलं काहीही जसंच्या तसं चालणार नाही, रेघा जुळायला पीस ठराविक अंतरावरच ठेवता येतात आणि ती अट तुम्हालाच कोडमध्ये घालावी लागेल. आणि गोलाईचे पॉइंट कमी करताना आकार बाहेरच्या बाजूलाच वाढू द्या, आत गेला तर शेजारचा पीस थेट शिलाईच्या मार्जिनमध्ये घुसतो.