ई-कोर्ट्स अॅप: दावा चालू असेल तर मोबाईलमध्ये हवंच

काकांचा बांधाच्या हद्दीचा दिवाणी दावा चालू होता, वकीलसाहेब दर वेळी "तारीख पडलीय, तुम्ही येऊ नका" एवढंच सांगायचे, म्हणून कोर्टातल्या केसची माहिती दाखवणारं हे अॅप घेतलं आणि सोळा अक्षरी सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टाकला तर स्क्रीनवर केस डिस्पोज्ड, खाली डिसमिस इन डिफॉल्ट. म्हणजे पुकारा झाला, प्रतिवादी हजर, आपल्या बाजूने कोणीच नाही, दावा काढून टाकला!

तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी कोर्टात काय झालं ते दिसतं, आणि मला अॅपमधलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. कारण अशा वेळी दिवस मोजावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ९ रूल ८ खाली (फक्त प्रतिवादी हजर असताना) दावा गेला की त्याच कारणावरून नवीन दावा लावता येत नाही, रूल ९ खाली पूर्ववत करायचा अर्ज द्यायचा, गैरहजेरीचं सबळ कारण दाखवायचं, आणि मुदत फक्त ३० दिवस, तीही डिसमिस झाल्या तारखेपासून, आपल्याला कळलं तेव्हापासून नाही. उशीर झाला तर माफीचा अर्ज वेगळा. (दोघंही गैरहजर असतील तर रूल ३, तिथे मूळ दाव्याच्या मुदतीत असेल तर नवा दावा तरी लावता येतो.) आम्हाला वेळेत कळलं म्हणून मुदतीत अर्ज गेला.

अॅपमधल्या माय केसेसमध्ये केस सेव्ह करून ठेवा, पण रिफ्रेश करत जा, नाहीतर जुनीच तारीख दिसत राहते. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या केसेस तर आजच टाकून घ्या, खरंच.