चाकण, शेंद्रा-बिडकीन की बुटीबोरी? चार-पाच कोटींचं युनिट टाकण्याआधी

मशिनिंगचं किंवा फॅब्रिकेशनचं लहान युनिट टाकायचं आहे, यंत्रं आणि शेड मिळून चार-पाच कोटी लागणार आहेत आणि त्यातला निम्म्याहून जास्त पैसा बँकेचा आहे. अशा उद्योजकासमोर महाराष्ट्रात हमखास तीन नावं येतात: पुण्याजवळचं चाकण, छत्रपती संभाजीनगरचं शेंद्रा-बिडकीन म्हणजे ऑरिक, आणि नागपूरजवळची बुटीबोरी. तिन्हींबद्दल बोलताना लोक जमिनीच्या दरापासून सुरुवात करतात आणि अनुदानावर थांबतात. आमच्या मते या दोन गोष्टी शेवटी बघाव्यात. तुमचं बिल कोणाच्या नावाने आणि कोणत्या राज्यात फाटणार, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर मिळालं की अर्धी निवड झालेली असते.

उद्योगाची हवा कशी मोजायची

उद्योगांच्या आत्मविश्वासाचे जे आकडे बातम्यांत येतात, ते देशपातळीचे असतात. रिझर्व्ह बँक दर तिमाहीला उत्पादक कंपन्यांचं सर्वेक्षण करून निर्देशांक काढते; तो १०० च्या वर असेल तर विस्ताराची अपेक्षा, खाली असेल तर आकुंचनाची. पीएमआय या खरेदी व्यवस्थापकांच्या सर्वेक्षणात हीच रेषा ५० वर असते. यातला एकही आकडा चाकण आणि बुटीबोरीतला फरक सांगत नाही.

गुंतवणुकीच्या घोषणा तर त्याहून फसव्या. सामंजस्य करार म्हणजे इरादा. मोठ्या उद्योगांना केंद्राकडे औद्योगिक ज्ञापन भरावं लागतं: भाग 'अ' इराद्याच्या वेळी, भाग 'ब' उत्पादन सुरू झाल्यावर. एखाद्या भागात 'अ' चा ढीग आणि 'ब' तुरळक असेल, तर तिथली उमेद अजून कागदावरच आहे.

जिल्ह्याचं कर्ज-ठेव प्रमाण, म्हणजे ठेवींच्या तुलनेत बँकांनी दिलेलं कर्ज, उपयोगी पडतं, पण वाचताना एक काळजी घ्या. कर्ज मंजूर कुठे झालं आणि वापरलं कुठे गेलं, हे दोन वेगळे आकडे असतात. बुटीबोरीतल्या मोठ्या कारखान्याचं कर्ज मुंबईच्या शाखेत मंजूर झालं असेल, तर मंजुरीच्या आकड्यात ते मुंबईचं दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या वार्षिक तपशिलात वापराच्या ठिकाणानुसार वर्गवारी मिळते, ती बघा.

शिवाय दोन दिवस वसाहतीत फिरा. किती शेडवर 'भाड्याने देणे' लिहिलंय, महावितरणच्या उपविभागात नव्या जोडण्यांचे आणि भारवाढीचे किती अर्ज आहेत, हीट ट्रीटमेंटवाला माल किती दिवसांनी परत देतो, हे विचारा. हीट ट्रीटमेंटवाला 'आजच आणा' म्हणाला, तर त्याची भट्टी रिकामी आहे, म्हणजे आजूबाजूच्या मशीन शॉपकडेही काम कमी आहे.

एका नजरेत

| | चाकण | शेंद्रा-बिडकीन | बुटीबोरी |
|---|---|---|---|
| मुख्य ग्राहक | वाहन कंपन्या आणि त्यांचे थेट पुरवठादार | त्याच शहराच्या वाळूज औद्योगिक वसाहतीची दुचाकी-तिचाकी साखळी, विद्युत उपकरणं, नवे ईव्ही प्रकल्प | ट्रॅक्टर, खाण, वीज, सिमेंट, पोलाद. मध्य भारताची बाजारपेठ |
| न्हावाशेवा बंदर, रस्त्याने | सव्वाशे ते दीडशे किमी | साडेतीनशेच्या आसपास | आठशेच्या आसपास |
| राज्याच्या सवलती | कमी किंवा नाहीत | मराठवाड्याच्या दराने, जास्त | विदर्भाच्या दराने, जास्त |
| जागा | महाग. बहुतेकांना भाड्याची शेडच परवडते | आखलेले भूखंड, जमिनीखालून सेवा | भूखंड मिळतात, जुने कारखानेही विक्रीला येतात |
| मुख्य धोका | वाहतूक कोंडी, कामगारांची गळती | मोठे प्रकल्प लांबणे | अंतर, उन्हाळा, राज्याबाहेरची विक्री |

चाकण: महाग, पण ऑर्डर इथेच

फोक्सवॅगन, महिंद्र, मर्सिडीज, बजाज आणि त्यांच्या भोवतीचे पुरवठादार यांच्यामुळे चाकणची किंमत ठरते. वाहनाच्या सुट्या भागांत माल तासांच्या हिशोबाने जातो. एखादी लॉट नाकारली गेली तर दोन माणसं गेज घेऊन तासाभरात ग्राहकाच्या लाइनवर उभी राहिली पाहिजेत. ती पोचली नाहीत तर ग्राहक बाहेरच्या एजन्सीकडून माल निवडून घेतो आणि खर्चाची डेबिट नोट तुम्हाला येते. लाइन थांबली तर तो दंड वेगळाच. सव्वादोनशे किलोमीटरवरून हा धंदा करायचा तर चाकणला गोदाम आणि दोन माणसं ठेवावी लागतात. तो खर्च धरला की स्वस्त जमिनीचा फायदा बराच आटतो.

एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेची चाचणी केंद्रं, कॅलिब्रेशन प्रयोगशाळा, टूल रीग्राइंडिंग, यंत्राचा सर्व्हिस इंजिनिअर, सगळं हाताशी आहे. स्पिंडल, म्हणजे यंत्राचा फिरणारा मुख्य दांडा, गेला तर इथे माणूस सहसा दुसऱ्या दिवशी येतो.

त्रासही तेवढेच खरे. पुणे-नाशिक रस्ता आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर रस्ता पाळी बदलताना तुंबतात, म्हणून गाडीची फेरी किलोमीटरवर नको, वेळेवर मोजा. ऑपरेटर तयार केला की शेजारची मोठी कंपनी थोड्या जास्त पगारावर त्याला उचलते. सेटरला, म्हणजे यंत्र जुळवून देणाऱ्या कारागिराला, धरून ठेवण्याचा खर्च पगारपत्रकात वेगळा दाखवलेलाच बरा.

सर्वात मोठी चूक होते ती शेड घेताना. एमआयडीसीच्या हद्दीबाहेर, आजूबाजूच्या गावांत, मंजूर नकाशा नसलेल्या शेड भाड्याने मिळतात आणि भाडं कमी दिसतं. पुढे बँक हात आखडते, अग्निशमनाचा दाखला अडतो, प्रदूषण मंडळाची संमती अडते. करारापूर्वी बिनशेती आदेश, पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा) मंजूर नकाशा, मालकाच्या नावावरचा मंजूर वीजभार आणि त्याची थकबाकी बघा. भार ४० किलोवॉट असेल आणि तुम्हाला १२० हवा असेल, तर रोहित्राचा खर्च कोणाचा हे करारात लिहून घ्या. शेड एमआयडीसीतली असेल तर पोटभाड्याची परवानगी मालकाने घेतली आहे का, हे विचारा; नसेल तर नोटीस त्याला येते आणि यंत्रं तुम्हाला हलवावी लागतात.

शेंद्रा-बिडकीन: अनुदानाचं गणित नीट करा

दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यातलं हे आखीव शहर. दोन्ही भाग मिळून सुमारे दहा हजार एकर. वीज-पाणी-सांडपाणी जमिनीखालून, सांडपाण्याचं सामायिक प्रक्रिया केंद्र तयार. ह्योसंगचा स्पँडेक्सचा (ताणल्या जाणाऱ्या धाग्याचा) कारखाना शेंद्र्यात चालू आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने इथल्या प्रकल्पासाठी सुमारे २०,००० कोटींचा सामंजस्य करार राज्याशी केला, त्याच्या आगेमागे ई-स्कूटरवाल्या एथरचीही घोषणा झाली. समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला मुंबईच्या टोकापर्यंत पूर्ण उघडला. उत्साहाला कारण आहे.

पण करार ते पहिलं वाहन यात वर्षं जातात, आणि पहिली कामं थेट पुरवठादारांना मिळतात. त्यांच्याकडून तुमच्यापर्यंत यायला नमुने, चाचणी लॉट, मंजुरी अशी महिन्यांची साखळी असते. बँकेचा हप्ता मात्र सहा-बारा महिन्यांच्या सवलतीनंतर सुरू होतो. म्हणून बिडकीनच्या भावी मागणीवर कर्ज उभं करू नका. वाळूजच्या आजच्या साखळीत तुमचं काम बसतं का ते आधी तपासा. बसत असेल तर हा पर्याय तिघांत सर्वात समतोल आहे: इंडो-जर्मन टूल रूममुळे डाय-मोल्डचं कसब या शहरात मुरलेलं आहे, आणि कामगार स्थानिक असल्याने टिकतो.

आता अनुदान. सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुक्यांचे गट पाडलेले असतात आणि मराठवाडा-विदर्भाला जास्त लाभ मिळतो. २०१९ च्या योजनेत या भागांतल्या नव्या पात्र युनिटला विजेवर युनिटमागे १ रुपया, तीन वर्षं, अशी तरतूद होती. महिन्याला ४०,००० युनिट जळत असतील तर तीन वर्षांचे १४.४ लाख. योजना आणि दर बदलत राहतात. तुमच्या अर्जाच्या तारखेला लागू असलेला शासन निर्णयच धरा.

मोठा लाभ मात्र औद्योगिक प्रोत्साहन अनुदानाचा असतो, आणि तो राज्य जीएसटीला बांधलेला आहे. राज्यातल्या राज्यात माल विकला तर १८ टक्क्यांतले ९ राज्य जीएसटीत जातात. परराज्यात विकला तर सगळा आयजीएसटी (आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी), म्हणजे त्या विक्रीवर अनुदानाचा पाया शून्य. वर्षाची विक्री ८ कोटी आणि सगळी महाराष्ट्रात असेल तर पाया ७२ लाखांचा. त्यातली ४० टक्के विक्री बाहेर गेली तर ४३.२ लाख. ९० टक्के बाहेर गेली तर फक्त ७.२ लाख. आणि तुम्ही जॉबवर्क करत असाल, कच्चा माल ग्राहकाचा असेल, तर त्याच यंत्रांवर तुमची बिलं २ कोटींचीच होतील आणि पाया १८ लाखांवर येईल. शिवाय तुमचं काम पात्र ठरतं का, हे जिल्हा उद्योग केंद्राला आधी लेखी विचारायला हवं. जुन्या यंत्रांबद्दलही तेच. भाड्याच्या शेडमध्ये इमारतीचा खर्च तुमच्या पात्र भांडवलात येत नाही, म्हणजे अनुदानाची कमाल मर्यादाही खाली येते.

दावा मंजूर होणं आणि पैसे खात्यात येणं यात बराच काळ जाऊ शकतो. प्रकल्प अहवालात अनुदान शून्य धरून हप्ता निघतो का ते बघा. निघत नसेल तर जागा चुकली किंवा धंदा चुकला. अनुदानाने दोन्ही सुधारत नाही.

पाण्याचंही बघा. स्रोत जायकवाडी. २०१६ च्या दुष्काळात न्यायालयाच्या आदेशाने इथल्या उद्योगांच्या पाण्यात कपात झाली होती. मशिनिंगला फारसा फरक पडत नाही. प्लेटिंग, धुलाई, पावडर कोटिंगची पूर्वप्रक्रिया असेल तर साठवण टाकी आणि पुनर्वापर पहिल्या दिवसापासून खर्चात धरा. प्लेटिंग प्रदूषण मंडळाच्या लाल श्रेणीत येतं, हेही लक्षात असू द्या.

बुटीबोरी: ग्राहक मध्य भारतात असेल तरच

नागपूरहून वर्धा रस्त्याने अर्ध्या-पाऊण तासावर. सिएट, इंडोरामासारखे मोठे कारखाने आहेत, हिंगण्याला महिंद्रचे ट्रॅक्टर. कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्रं, चंद्रपूरचं सिमेंट, गडचिरोलीचं लोहखनिज, यांना लागणारे जड सुटे भाग, कन्व्हेअरची कामं, दुरुस्तीची फॅब्रिकेशनं हा इथला खरा धंदा. लॉट लहान, वजन मोठं, नफ्याचं प्रमाण वाहनाच्या भागांपेक्षा बरं. पैसे मात्र उशिरा येतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकाला लेखी करार असला तरी ४५ दिवसांत पैसे देणं कायद्याने बंधनकारक आहे. तरी खेळतं भांडवल ९० दिवसांचं धरलेलं बरं.

इथे एक विरोधाभास आहे. विदर्भाला अनुदान चांगलं, पण बुटीबोरीची नैसर्गिक बाजारपेठ मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणात. भिलाईला माल विकला की आयजीएसटी. कागदावर सर्वात उदार दिसणारी सवलत इथे अनेकांच्या हातात सर्वात कमी पडते, ती यामुळे.

उन्हाळा गंमतीने घेऊ नका. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश असतं. शेडमध्ये ४० अंश असताना १०० मिमी लांबीचा पोलादी भाग सुमारे २३ मायक्रॉन वाढलेला असतो. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ३० मायक्रॉनचा असेल तर सकाळी पास झालेला भाग दुपारी नापास होतो आणि ऑपरेटर विनाकारण ऑफसेट बदलत बसतो. मोजणीची खोली वातानुकूलित ठेवा, भाग तिथे तासभर ठेवूनच मोजा, हायड्रॉलिक तेलाला चिलर लावा. वेल्डिंग-फॅब्रिकेशनवाल्यांना ही डोकेदुखी बरीच कमी.

कोणी काय घ्यावं

वाहन कंपनीच्या लाइनला रोज माल जाणार असेल तर चाकणला भाड्याची शेड, पाच वर्षांच्या नोंदणीकृत करारावर. स्वतःचं उत्पादन असेल आणि विक्री मुख्यतः महाराष्ट्रात असेल, तर शेंद्रा. पण आधी वाळूजला भाड्याने सुरू करून, ऑर्डर स्थिरावल्यावर भूखंड. खाण-वीज-पोलादाचे दोन पक्के ग्राहक हातात असतील तर बुटीबोरी, आणि तिथे चालू स्थितीतला जुना कारखाना मिळाला तर नव्या बांधकामाच्या भानगडीत पडू नका.

'आधी भाड्याने, मग भूखंड' यात एक छुपा खर्च आहे. आयएटीएफ १६९४९ हे वाहन-पुरवठादारांचं गुणवत्ता प्रमाणपत्र जागेला असतं, त्यामुळे जागा बदलली की नवं ऑडिट आणि ग्राहकाकडून भागांची पुन्हा मंजुरी. स्थलांतराआधी किमान महिन्याभराचा तयार साठा बांधावा लागतो, त्याचं व्याज धरा.

एमआयडीसीचा भूखंड घेताना क्रम असा: वाटपपत्र, पैसे, प्रारंभिक करार, ताबा, नकाशा मंजुरी, प्रदूषण मंडळाची स्थापना संमती, बांधकाम, पूर्णत्वाचा दाखला, आणि मगच ९५ वर्षांचा अंतिम भाडेपट्टा. गहाण ठेवायला एमआयडीसीची संमती लागते आणि बँक ती कर्जाचा पहिला हप्ता देण्याआधी मागते, म्हणून ताबा मिळताच अर्ज करा. बांधकामाची मुदत ताब्याच्या तारखेपासून चालते. मुदतवाढीला शुल्क पडतं, आणि रिकामा भूखंड परत घेण्याचा अधिकार महामंडळाकडे असतो. यंत्रांची ऑर्डर मात्र छत पडल्यावर आणि वीजजोडणीचं अंदाजपत्रक भरल्यावरच द्या. नाहीतर यंत्र दारात येऊन ताडपत्रीखाली गंजतं आणि वॉरंटीचे महिने सरत राहतात.