गच्चीवरच्या कुंड्यांसाठी घेतलेली शेडनेट: एका उन्हाळ्याचा अनुभव

जळगावात होळी पेटली की गच्चीवरच्या फुलझाडांची चिंता सुरू होते, कारण एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो आणि मधूनच अवकाळीही येऊन जातो. म्हणून यंदा पाडव्याच्या सुमारास एका कृषी केंद्रातून 10 बाय 20 फुटांची हिरवी शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, आणली. तिची किनार शिवलेली होती आणि दोरीसाठी कड्या बसवलेल्या होत्या.

मागितली होती 50 टक्क्यांची, म्हणजे साधारण निम्मे ऊन अडवणारी. घरी येऊन चिठ्ठी वाचली तर ती 75 टक्क्यांची निघाली. ‘सावली जास्त मिळेल, बरंच आहे की,’ या दुकानदाराच्या उत्तरावर विसंबून मी ती तशीच बांधली, आणि पंधरा दिवसांत मोगऱ्याने चूक पदरात घातली: फांद्या लांबट, पाने गर्द, कळीचा मात्र पत्ता नाही. मग जाळी बदलून घेतली आणि मोगरा तिच्याबाहेर, पूर्वेच्या कठड्याशी हलवला. गुलाबाला मात्र 50 टक्क्यांची जाळी मानवली. पानांच्या कडा करपणे थांबले आणि संध्याकाळचे पाणीही वाचले. एक सावधगिरी हवी: जाळीखाली माती वरून कोरडी दिसली तरी आत ओलसर असते, म्हणून बोटाचे दोन पेर खुपसून पाहिल्याशिवाय पाणी घालू नये.

खरी परीक्षा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या रात्री झाली. वावधन, म्हणजे वादळी वारा, सुटले, एका कोपऱ्यातील दोन कड्या कापडासकट निघून आल्या आणि फडफडणाऱ्या जाळीने गुलाबाची भरल्या कळ्यांची फांदी मोडली. विणीला कुठे खोच नव्हती. दोष एकपदरी किनारीवर कड्या ठोकण्याचा होता. आता किनार बांबूच्या कामटीवर दोनदा गुंडाळून बांधली आहे आणि एका बाजूला सुटी गाठ ठेवली आहे, म्हणजे पश्चिमेला आभाळ भरून आले की जाळी पडद्यासारखी ओढून घेता येते. पावसानंतरचे दोन दिवस ती तशीच गुंडाळलेली ठेवतो, कारण दमट सावलीत गुलाबावर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, लवकर धरते.

एकूण, जाळी घेण्यासारखी आहे, पण कड्यांसाठी जादा पैसे मोजू नयेत, आणि टक्केवारीची चिठ्ठी दुकानातच वाचावी.