२ टीबी एक्स्टर्नल हार्ड डिस्क, ६ महिने वापरल्यावर
बाबांचे जुने फोटो आणि दुकानाचे हिशोब सांभाळायला घेतली. पहिल्याच दिवशी विंडोजची सिस्टीम इमेज (म्हणजे विंडोजसकट सगळ्याची अख्खी कॉपी) घ्यायला गेलो तर घेईचना, कारण डिस्क एक्सफॅट फॉरमॅटमध्ये येते आणि सिस्टीम इमेजला एनटीएफएस हा दुसरा फॉरमॅट लागतो, हे बॉक्सवर लिहायला हवं होतं राव. फॉरमॅट केली, चाललं (आधी डेटा काढून ठेवा, सगळं पुसलं जातं). मग मधेच डिस्कनेक्ट व्हायची, टिकटिक आवाज, वाटलं गेली, पण सीपीयूच्या पुढच्या पोर्टला पॉवर कमी पडत होती, मागे लावल्यापासून एकदा पण त्रास नाही. केबल मात्र फारच आखूड. गेल्या महिन्यात कॉम्प्युटरच्या आतला एसएसडी (मुख्य डिस्क) उडाला, तेव्हा रिकव्हरी पेनड्राइव्हने बूट करून या हार्ड डिस्कवरच्या इमेजमधून सगळं परत मिळालं, बाबांचा एकूण एक फोटो!! ४ स्टार.