ब्रेन ट्यूमर: फोनवरचा ग्रुप की महिन्याची बैठक?

ऑपरेशन होतं, बायोप्सीचा रिपोर्ट येतो, शेक (रेडिएशन) सुरू व्हायची तारीख मिळते आणि मग घरात कुणीतरी म्हणतंच, "असंच झालेली दुसरी माणसं कुठं भेटतील का हो?" डॉक्टर ओपीडीत देऊन देऊन किती वेळ देणार? बाहेर बाकांवर गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतची माणसं फाइली मांडीवर घेऊन बसलेली असतात. गोळी जेवणाआधी की नंतर, फिट आली तर काय करायचं, माणूस एवढा का बदलला, नोकरीचं काय, हे सगळं दुसरीकडंच विचारावं लागतं.

नागपुरात त्यासाठी ढोबळमानानं दोन वाटा आहेत. एक व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप, दुसरी महिन्यातून एकदा भरणारी समोरासमोरची बैठक. आम्ही दोन्हीकडे होतो, आता एकीकडेच आहोत. कुठं ते पुढं येईलच, पण आधीच सांगतो की आमचा अनुभव एका घराचा आहे. माझ्या बायकोची गाठ डाव्या बाजूला, बोलण्याच्या भागाजवळ होती. ग्लायोमा, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून वाढणारी गाठ, ग्रेड ३ (ग्रेड एक ते चार, चार सगळ्यात जोराची). गाठ दुसरीकडं असती तर कदाचित मी उलटंच लिहिलं असतं.

आधी ग्रुपचं चांगलं सांगतो, कारण ते खरंच आहे. रात्री अकराला तिथं कुणीतरी जागं असतं. हिला फिटसाठी लेव्हेटिरॅसिटॅम सुरू झालं आणि वरणात मीठ कमी पडलं तरी घरात रण माजू लागलं. मला वाटलं, एवढं मोठं आजारपण, माणूस चिडणारच. ग्रुपवर एका दादांनी लिहिलं, "भाऊ, वहिनी नाही चिडून राहिल्या, गोळी चिडून राहिली. डॉक्टरले सांगा." डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी औषध बदलून दिलं, घर शांत झालं. हे मला कुठल्याही पुस्तिकेत इतक्या लवकर सापडलं नसतं.

मुंबईला टाटात जाणाऱ्यांसाठी तर ग्रुप सोन्याचा. कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना रेल्वेत स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट माफ असतं, सोबतच्या एका माणसाला पंच्याहत्तर टक्के सवलत मिळते, त्याचा फॉर्म रुग्णालयातूनच भरून घ्यायचा असतो, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचं तर हातात कुठले कागद हवेत, हे सगळं तिथं पाच मिनिटांत कळतं. फक्त एक लक्षात ठेवा. ही सवलत कॅन्सरसाठी आहे. गाठ मेनिंजिओमासारखी (मेंदूच्या आवरणाची) साधी, म्हणजे कॅन्सर नसलेली निघाली असेल तर ती मिळेलच असं धरून तिकीट काढू नका.

ग्रुपची अडचणही इथूनच सुरू होते. नाव एकच, ब्रेन ट्यूमर. पण आत बसलेली माणसं अगदी वेगवेगळ्या आजारांची. कुणाचा मेनिंजिओमा, एकदा काढला आणि आता वर्षातून एखादा एमआरआय. कुणाची पिट्युटरीची गाठ, त्यांचं सगळं दुखणं नजरेचं आणि हार्मोन्सचं. कुणाचा ग्लिओब्लास्टोमा, म्हणजे ग्रेड ४. आता मेनिंजिओमावाले काका "काही होत नाही, बिनधास्त राहा, मी तर आता अंबाझरीला रोज फिरतो" असं लिहितात ते खोटं नसतं. पण ते वाचून ग्रेड ४ वाल्या घरातली मुलगी रात्रभर विचार करत बसते, की मग आमच्याच बाबांचं असं का. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि ग्रुपवर दोघं एकमेकांच्या वर-खाली येतात.

टेमोझोलोमाइड या केमोच्या कॅप्सूलचंही तसंच. कॅप्सूल गिळायला त्रास होतो म्हणून ती फोडून दह्यात कालवून द्या, असा सल्ला मी स्वतः वाचलेला आहे. ती कॅप्सूल फोडायची नसते, आतली पावडर हाताला किंवा श्वासात जाऊ द्यायची नसते. सल्ला देणाऱ्या ताईंचा हेतू चांगला होता, खाली तीस जणांनी हात जोडले होते.

आणि एमआरआयचे फोटो. शेक संपल्यावर पहिल्या काही महिन्यांत फिल्मवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते आणि ती खरी वाढ नसते. शेकानं आणि औषधानं तिथं सूज येते, तो भाग उजळ दिसतो, नंतर आपोआप निवतो. डॉक्टर म्हणूनच कधी कधी "थांबू, दोन महिन्यांनी पुन्हा काढू" म्हणतात. ग्रुपवर मात्र रिपोर्टचा फोटो पडतो, त्यातला "वाढ" एवढा एक शब्द कुणीतरी गोल करतो आणि अर्ध्या तासात त्या घरात रडारड.

एवढं असूनही मी ग्रुप सोडला नसता. मी वाचणारा माणूस आहे, गाळून घेता येतं. ठरलं ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ती सांगायला जरा क्षुल्लकच वाटते.

ऑपरेशननंतर हिला सगळं कळायचं, पण शब्द हाताशी यायला वेळ लागायचा. बोलताना तसंच आणि टाइप करताना त्याहून जास्त. ग्रुपचा वेग म्हणजे बर्डीची रविवारची गर्दी, थांबलात की मागून धक्का. एका संध्याकाळी एका बाईंनी लिहिलं की मला आता फोनवर बोलायची भीती वाटते, समोरचा काय म्हणेल म्हणून मी उचलतच नाही. हिनं ते वाचलं. मला दाखवलं. खुर्ची ओढून जेवणाच्या टेबलाशी बसली, चष्मा लावला आणि एका बोटानं लिहायला लागली. लिही, खोड, लिही. मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या, मी उठून गॅस बंद केला. शेवटी "हो मलापण असंच" एवढं झालं आणि तिनं पाठवलं. तोवर वर पंचवीसेक मेसेज पडले होते. सगळ्यात शेवटचा कुणाचे तरी वडील गेल्याचा होता. हिचं "हो मलापण असंच" बरोबर त्याच्या खाली जाऊन बसलं. दोघांनी प्रश्नचिन्हं टाकली. एकानं "ताई??" लिहिलं. मग धडाधड हार-फुलं आणि भावपूर्ण श्रद्धांजली.

अ‍ॅडमिन भले गृहस्थ. त्यांनी मला वेगळा फोन करून सांगितलं की मेसेज उजवीकडं सरकवला की त्यालाच उत्तर देता येतं. ते मलाही माहीत होतं. हिला तीनदा दाखवलं, तिच्या लक्षात राहीना. पुढं ती ग्रुप उघडायची, वाचायची आणि बंद करायची. जिच्या डोक्यात गाठ होती तीच त्यात बोलू शकत नव्हती, आणि तिच्या वतीनं मी बोलत होतो. मला ते खटकत राहिलं.

बैठकीचं आम्हाला वॉर्डातल्या सिस्टरांनी सांगितलं होतं. धंतोलीत एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, महिन्यातल्या एका शनिवारी. आधीच सांगतो, तिच्यातही खोड्या कमी नाहीत. पाचची वेळ म्हणजे साडेपाच. एक काका असे आहेत की आपली कहाणी पहिल्या फिटपासून सुरू करतात आणि कुणी आवरेपर्यंत मुंबईला पोचलेले असतात. जूनमध्ये ८ तारखेच्या जागतिक ब्रेन ट्यूमर दिनाच्या निमित्तानं जी बैठक होते तिच्यात शाल-श्रीफळ, पाहुण्यांचा परिचय, पाहुण्यांचं मनोगत यात निम्मा वेळ जातो. (हा दिवस २००० साली जर्मनीतल्या एका रुग्णसंस्थेनं सुरू केला. तिथं नारळ देत असतील असं वाटत नाही.) मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत टाके नुकतेच भरलेलं डोकं घेऊन कुणाला बाहेर काढणं हेही सोपं नाही.

पण तिथं संचालन करणाऱ्या मॅडम स्पीच थेरपिस्ट आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी हिला विचारलं, "तुम्हाला काय त्रास होतो?" ही म्हणाली, "ते... भाजी आणायला... ते हातात..." शेजारच्या मावशी मायेनं म्हणाल्या, "पिशवी?" मॅडमनी हात वर केला. "थांबा मावशी. त्यांना सांगू द्या." सगळे थांबले. कुणी खाकरलं नाही, कुणी मोबाइल काढला नाही. हिनं खूप वेळानं सांगितलं की भाजीवाल्यासमोर शब्द अडकतो आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळतो, म्हणून पिशवी घेऊन ती तशीच परत येते. हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो, हिला भाजी आवडीची मिळत नाही.

त्या दिवशी आम्हा घरच्यांना जे शिकवलं ते साधं होतं: वाक्य आपण पूर्ण करायचं नाही, टीव्ही बंद करून बोलायचं, एका वेळी एकच प्रश्न, शक्यतो हो किंवा नाही असं उत्तर येईल असा, अडलं तर कागदावर काढू द्यायचं. हेच मी फोनवर वाचलं असतं तर मान हलवून पुढं गेलो असतो. मावशींना तिथल्या तिथं अडवलेलं पाहिलं म्हणून ते अंगी लागलं. मावशी रोज माझ्या घरातही होत्या, मिशीवाल्या.

फिटचंही तसंच. ग्रुपवर त्याचा व्हिडिओ निदान दहा वेळा आला असेल. बैठकीत एका सिस्टरांनी सतरंजी अंथरली, कुणाच्या तरी कॉलेजातल्या मुलाला आडवं केलं आणि सांगितलं, चष्मा काढा, गळ्याशी बटण सोडा, घड्याळ बघा, तोंडात काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून पुढं, म्हणजे लाळ बाहेर येते. पाच मिनिटांच्या वर चाललं तर सरळ दवाखाना. मग प्रत्येकाला करायला लावलं. माझ्या सासूबाई हिच्या उशाशी कांदा ठेवत होत्या. त्यांनी ऐंशी-पंच्याऐंशी किलोच्या एका गृहस्थांना, तोंडानं "अगं बाई, अगं बाई" म्हणत, बरोब्बर कुशीवर वळवलं. टाळ्या पडल्या. घरी येऊन कांदा त्यांनी स्वतःच फोडणीला घातला.

तिथं वर्गवारीही नीट होते. नवीन माणूस आला की आधी विचारतात, कुठली गाठ, कितवी ग्रेड, शेक झाला का, होऊन किती दिवस. मग त्याच्यासारख्यांच्या शेजारी त्याला बसवतात. कुणी गेलं असेल तर सुरुवातीला सांगतात, दोन मिनिटं त्या माणसाबद्दल बोलतात आणि पुढच्या विषयाला लागतात.

तरीही बैठक सगळ्यांसाठी नाही हे मला मान्य आहे. भामरागडच्या माणसानं महिन्यातून एकदा दीड तासासाठी नागपूरला यावं असं मी कुठल्या तोंडानं म्हणू? त्यानं ग्रुपवरच राहावं, फक्त औषधाची कुठलीही गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. डेक्सासारखं स्टेरॉइड तर एकदम बंद करणं धोक्याचं असतं, आणि "साइड इफेक्ट होतात, बंद करा" हे ग्रुपवरचं आवडतं वाक्य आहे. ज्यांना फक्त माहिती हवी आहे, रुग्ण बोलता-चालता आहे, स्वतः फोन चालवतो, त्यांनाही ग्रुप पुरेल. मुंबईला फेऱ्या असतील तर ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडियाची तिथं चौकशी जरूर करा. आणि रात्री सांभाळणाऱ्याचाच धीर सुटला, जे होतंच, तर सरकारची टेलिमानस ही मानसिक आधाराची फोनसेवा आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतही बोलतात. गाठीबद्दल ते काही सांगणार नाहीत, पण ऐकून घेतात.

ज्यांच्या घरी बोलण्याचा, आठवणीचा किंवा स्वभावाचा भाग दुखावलेला रुग्ण आहे, आणि जे नागपुरात किंवा कामठी, हिंगणा, उमरेडसारख्या तासाभराच्या टप्प्यात राहतात, त्यांनी मला विचारलं तर मी बैठकच सांगेन. निदान तीनदा जाऊन बघा. पहिल्यांदा कंटाळा येतो, दुसऱ्यांदा चेहरे ओळखीचे होतात. आमच्या हिला तर आता त्या शनिवारी माझी गरजही वाटत नाही. मी खाली टपरीवर चहा पीत बसतो.

जाताना एमआरआयच्या फिल्म नेऊ नका, तिथं कुणी त्या बघणार नाही आणि बघूही नये. डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीच्या रिपोर्टची झेरॉक्स पुरते. रुग्णाला शक्यतो मागच्या भिंतीकडं बसवा, माइकचा आवाज पुढच्या रांगेत फार लागतो. आणि धंतोलीत गाडी लावायच्या भानगडीत पडू नका. मेट्रोनं काँग्रेस नगरला उतरा, पुढं ऑटो मिळतो.